घरबसल्या तोंडी परीक्षा

अधीक्षकांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकूण किती कॉपीबहाद्दर पकडले याचा आकडा ते कुणी मागितला नाही तरी सांगत. परीक्षा मंडळाच्या भरारी पथकात असताना त्यांनी बुटांतून, पट्ट्यांतून, अंबाड्यांतून आणि एकदा तर खुद्द पर्यवेक्षकाच्या डब्यातून कागद काढले होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सोसायटीत सगळे त्यांना अधीक्षकच म्हणत, आणि दुसरं काही म्हटलेलं त्यांना ऐकूही येत नसे. अशा माणसाने एकाहत्तराव्या वर्षी आपल्याच बैठकीच्या खोलीत, आपल्याच बायकोसाठी, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत कॉपीचं केंद्र चालवावं, हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. केंद्र मात्र चाललं. चांगलं अडीच महिने चाललं.

झालं असं की त्यांच्या बायकोला सहा वर्षांपासून पार्किन्सन होता. एके काळी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तिचा आवाज इतका स्वच्छ होता, की नंबर जोडून मिळाल्यावरही लोक क्षणभर थांबून तिचे आभार मानत. आता तो आवाज खाली खाली जात असा झाला होता, की स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत असलं तर त्यात बुडून जाई. हात थरथरत ते एक वेळ चाललं असतं. पण पाय जमिनीला चिकटत. दाराच्या चौकटीत आली की ती थबके. मेंदूने काढलेला हुकूम पायांपर्यंत पोचायला सरकारी फायलीइतका वेळ लागे. कधी तो पोचे, कधी त्याच्या आधी ती जमिनीवर पोचे.

अशीच ती एकदा पडली तेव्हा दुसऱ्या शहरातला मुलगा दोन दिवस येऊन राहिला. जाताना जेवणाच्या टेबलाशी बसून तो म्हणाला, "बाबा, तुमच्याच्याने हे आता होत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय. आरशात बघा जरा. हे बघा, डॉक्टर आता व्हिडिओवर तपासतात. पार्किन्सनच्या पेशंटसाठी खास सोय आहे. महिन्यातून एकदा आईला घरीच बघतील आणि रिपोर्ट तुम्हाला-मला दोघांना पाठवतील. रिपोर्ट चांगला आला तर आई इथेच. नाही आला, तर शुश्रूषा केंद्र. मी बघून आलोय एक. स्वच्छ आहे."

या 'स्वच्छ आहे'चा अधीक्षकांना इतका राग आला की मुलगा गेल्यावर त्यांनी सबंध घर दोनदा पुसलं. ओल्या लादीवर बायकोचा पाय सरकता सरकता वाचला. रिपोर्ट म्हणजे निकाल, निकाल आला की परीक्षा आली, आणि परीक्षा हा तर आपला प्रांत, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बायको घरातून जाणार या नुसत्या विचारानेच आपण लादी पुसत सुटलो होतो, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

परीक्षा म्हटली की आधी फॉर्म भरणं आलं. फोनवरच्या त्या ॲपने नाव, वय, पत्ता, आजार, आजाराचं वय असं सगळं विचारून घेतलं आणि मग रुग्णाचा चेहरा चौकटीत आणायला सांगितलं. अधीक्षकांनी आणला. 'आता हसा,' असा हुकूम आला.

इथे घोडं अडलं. पार्किन्सनमध्ये चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. बायको हसत होती, मनापासून हसत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर ते हसू डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात कुठे बसलंय हे अधीक्षकांना बरोबर दिसत होतं. ॲपला तेवढा सहवास नव्हता. 'कृपया हसा,' असं ते तीनदा म्हणालं, आणि मग म्हणालं, 'डोळे मिचकावा.' या आजारात माणूस पापण्याही फार हलवत नाही. बायको ॲपकडे टक लावून बघत राहिली, ॲप बायकोकडे बघत राहिलं, आणि शेवटी पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'जिवंत व्यक्ती आढळली नाही. कॅमेऱ्यासमोर छायाचित्र धरू नये.'

अधीक्षकांनी मदत क्रमांक फिरवला.

"ताई, माझी बायको जिवंत आहे. माझ्या शेजारी बसलीय."

"सर, सिस्टीममध्ये तसं दिसत नाहीये."

"सिस्टीमचं राहू द्या, मी सांगतोय ना!"

"मग पेशंटना एकदा इकडे प्रत्यक्ष घेऊन या, सर."

"अहो, प्रत्यक्ष आणता येत नाही म्हणून तर घरबसल्या सेवा हवीय!"

"बरोबर आहे सर, पण घरबसल्या सेवेची नोंदणी घरबसल्या होत नाही."

यात पलीकडच्या बाईंचा काही दोष नव्हता. अधीक्षकांनी स्वतः आयुष्यभर अशीच वाक्यं लोकांना ऐकवली होती. पण ऐकून घेणाऱ्याला ती कशी लागतात हे त्यांना त्या दिवशी कळलं.

ही बातमी सोसायटीत फिरायला दुपारही लागली नाही. समोरच्या ब्लॉकमधले विमावाले आले. ते विम्याचे एजंट होते आणि माणूस जिवंत असल्याचं सिद्ध कसं करावं यात आपला हात कुणी धरणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी सुचवलं, "गुदगुल्या करा." वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या जावेच्या आईला हेच दुखणं होतं आणि ती रोज सकाळी अर्धा तास उलटी चालून खडखडीत बरी झाली होती.

"आता कशा आहेत त्या?" अधीक्षकांनी विचारलं.

"गेल्या. पण चालत होत्या हो शेवटपर्यंत."

अखेर चाकांची खुर्ची मागवून, लिफ्टमध्ये ती तिरकी घालून, बायकोला घेऊन अधीक्षक इस्पितळात गेले. तिथल्या कारकुनाने सही मागितली. या आजारात अक्षरही बारीक होत जातं. बायकोने सही केली ती मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखी. कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाला लावला आणि जुन्या सहीशी जुळत नसल्याचा निर्णय दिला. मग अंगठा. तो थरथरत टेकल्यामुळे एकाच अंगठ्याचे तीन ठसे उठले. "यातला नेमका कोणता धरायचा?" असं कारकुनाने गंभीरपणे विचारलं तेव्हा अधीक्षकांना पहिल्यांदा वाटलं, की आपण टेबलाच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत. चार तासांनी साहेबांची सही होऊन 'रुग्ण समक्ष पाहिला, जिवंत आहे' असा शेरा मिळाला. बायको घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणातून उठली नाही.

त्या दोन दिवसांत अधीक्षकांनी अभ्यासक्रम मिळवला. व्हिडिओवर डॉक्टर काय काय करायला लावतात ते सगळं फोनवर सापडतं. अंगठ्यावर बोट आपटा, मूठ उघडा-मिटा, टाच आपटा, हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठा, चालत जा, वळून या. आणि तोंडी प्रश्न: पडता का, ठसका लागतो का, झोप लागते का. अधीक्षकांनी वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सकाळी नऊ ते साडेनऊ बोटं, साडेनऊ ते दहा मूठ, संध्याकाळी चाल. चालताना पाय अडू नयेत म्हणून जमिनीवर हात-हात अंतरावर चिकटपट्ट्या लावल्या. अशा पट्ट्या दिसल्या की रुग्णाला पाऊल टाकायला सोपं जातं, आणि ही युक्ती डॉक्टरच सांगतात. डॉक्टर सांगत नाहीत ते एवढंच, की कॅमेरा गुडघ्याच्या वर ठेवा म्हणजे पट्ट्या दिसणार नाहीत.

सर्वांत मोठी मेख गोळीची होती. गोळी घेतल्यावर पाऊण तासाने बायकोच्या अंगाचं कुलूप उघडे, दीडेक तास उघडं राही, आणि मग पुन्हा बसे. डॉक्टरांची वेळ अकराची मिळाली. अधीक्षकांनी रोजची नऊची गोळी सरळ सव्वादहावर नेली.

"अहो," बायको म्हणाली, "सगळं खरं खरं सांगू या ना."

"खरं सांगून आजवर कोण पास झालंय?" अधीक्षक म्हणाले. स्वतःचंच वाक्य ऐकून ते जरा दचकले, पण तयारीला उशीर होत होता.

पडद्यावर आलेल्या डॉक्टर चाळिशीच्या होत्या आणि त्यांना स्वतःलाच झोपेची गरज असावी असं दिसत होतं. अधीक्षकांना त्यांनी 'आजोबा' म्हटलं. अधीक्षकांना ते फार लागलं. ते गिळून त्यांनी नमस्कार केला.

"आजी, महिन्याभरात पडलात का?"

बायकोचे ओठ हलले. फोनपर्यंत काही पोचलं नाही.

"काय म्हणाल्या?"

बायको 'चार वेळा' म्हणाली होती. "नाही म्हणाली," अधीक्षकांनी सांगितलं.

"ठसका लागतो?"

बायको 'रोज' म्हणाली. अधीक्षक म्हणाले, "क्वचित."

"आणि झोप?"

बायको म्हणाली, 'मला लागते, यांना नाही.' हे तर अभ्यासक्रमाच्या बाहेरचं होतं. अधीक्षकांनी "उत्तम" असं सांगून टाकलं.

बोटं चालली, मूठ चालली, बायको खुर्चीतून एका दमात उठली आणि पट्ट्यांवरून चालत गेली. पंधरा मिनिटं संपली. संध्याकाळी रिपोर्ट आला: 'स्थिती समाधानकारक. आहे तीच मात्रा चालू ठेवावी.' अधीक्षकांनी तो तीनदा वाचला आणि मोठ्याने चौथ्यांदा. बायको तेव्हा न्हाणीघराच्या दारात अडकून उभी होती आणि त्यांच्या नावाने हाका मारत होती. वाचनाच्या भरात त्यांना ऐकू आलं नाही. मग धप्प आवाज आला तो मात्र ऐकू आला.

कुणी म्हणेल, आता तरी माणसाने शहाणं व्हावं. पण 'समाधानकारक'ची चव लागलेला माणूस शहाणा होत नसतो, तो 'उत्तम'च्या मागे लागतो. दुसऱ्या महिन्यात सराव दुप्पट झाला. बायको दमून जाई. अधीक्षकही दमत. त्यांची पँट पट्ट्याच्या शेवटच्या भोकावर आली होती आणि पोळी तव्यावर टाकून ते उभ्या उभ्या डुलक्या घेत. ॲप रोज दुपारी किणकिणत असे, "आज आपल्याला कसं वाटतंय?" आणि पाच चेहरे पुढे करत असे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. अधीक्षक पोळी करपत असतानाही सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत.

दुसऱ्या तपासणीच्या सकाळी त्यांनी आयुष्यात कुणाला दिले नव्हते ते वाढीव गुण बायकोला दिले. म्हणजे एका गोळीच्या जागी दीड दिली. अर्ध्या गोळीने काय होतंय, असा त्यांचा हिशेब.

जे झालं ते पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. बायकोची बोटं शिवणयंत्रासारखी चालली. ती खुर्चीतून उठली ती जवळजवळ उडी मारून. पण तिचे खांदे, मान, कंबर सगळं झुलत होतं, जणू ती बोटीत बसली होती. गोळी जास्त झाली की या आजारात असं अंग हेलकावतं. अधीक्षकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, परीक्षार्थी फॉर्मात आहे.

"हे असं अंग कधीपासून हलतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उत्साह आहे तो," अधीक्षक म्हणाले.

"नाही आजोबा, गोळी जास्त होतेय. पडत नाहीत, अडकत नाहीत, चाल चांगली आहे. आपण प्रत्येक वेळची अर्धी गोळी कमी करू या."

बायकोने काहीतरी सांगितलं. "काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं. "थँक यू म्हणतेय," अधीक्षक म्हणाले. बायको म्हणाली होती, "मी मरेन अशाने."

मुलाचा फोन आला. "बाबा, ग्रेट! औषध कमी झालं म्हणजे कमाल केलीत तुम्ही." विमावाले येऊन हात मिळवून गेले. वरच्या काकूंनी सगळं श्रेय उलट्या चालण्याला दिलं. तशी बायको एकदाही चालली नव्हती.

पुढचे दहा दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगितलेलं बरं. बायकोचं कुलूप आता दिवसातून जेमतेम दोनदा उघडे, आणि तेही किलकिलं. कूस बदलायची तर अधीक्षकांनी बदलावी, घास गिळायला दहा मिनिटं. डॉक्टरांना सगळं सांगावं असं रोज त्यांच्या मनात येई. मग डॉक्टर विचारतील, पहिल्यापासून खोटं का सांगितलं? मुलगा विचारेल. आणि मग ते स्वच्छ केंद्र. अधीक्षक फोन हातात घेत आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून खाली ठेवत.

अकराव्या दिवशी दुपारी बायको पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडली. कपाटाच्या कडेला भुवई लागून रक्त आलं. अधीक्षक तिला उचलायला वाकले, त्यांच्या कमरेत उसण भरली आणि तेही तिच्या शेजारी आडवे झाले. तिला उठता येईना आणि त्यांना हलता येईना. दाराला आतून कडी होती. फोन वर पलंगावर होता.

पहिल्या पंधरा मिनिटांत अधीक्षकांनी हाका मारून पाहिल्या. मग दोघंही छताकडे बघत पडून राहिले.

"अहो," बायको म्हणाली. इतक्या जवळून तिचा आवाज बरा ऐकू येत होता. "पंख्यावर केवढी धूळ आहे."

"दुखतंय का फार?"

"मला सवय आहे. तुम्हाला?"

अधीक्षकांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कानात जात होतं. पुसायला हात वर जात नव्हता.

"तुम्ही असे पडलात तर तुम्हाला कोण उचलणार?" बायकोने विचारलं. "मी?"

पलंगावर फोन किणकिणला. "आज आपल्याला कसं वाटतंय?" असं त्याने गोड आवाजात विचारलं. उत्तर आलं नाही म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. त्यानंतर दर पाच मिनिटांनी तो आणखी मोठ्याने विचारत राहिला. त्या किणकिणीला वैतागूनच अखेर वरच्या काकू खाली आल्या, दार वाजवून थकल्या, मग विमावाल्यांना बोलावून आणलं आणि विमावाल्यांनी सुतार आणून कडी तोडली. दोन तास झाले होते.

"अधीक्षक! दोघं खाली काय करताय?" विमावाले दारातून म्हणाले.

"विश्रांती घेतोय," अधीक्षक म्हणाले.

बायकोच्या भुवईला चार टाके पडले. विमावाल्यांनी मुलाला कळवलं, मुलाने डॉक्टरांना, आणि डॉक्टरांनी दोन दिवसांनी तातडीची वेळ दिली. या वेळी मुलगाही त्याच्या गावाहून पडद्यावर असणार होता.

एखादा माणूस इथे शस्त्रं खाली ठेवेल. अधीक्षकांनी कमरेला पट्टा बांधला आणि तयारीला लागले. ही शेवटची संधी होती. टाके दिसू नयेत म्हणून त्यांनी बायकोचे केस पुढे ओढून विंचरले, दिवा मागे ठेवला आणि सव्वादहाला दीड गोळी तिच्या हातावर ठेवून पाण्याचा पेला ओठांना लावला. बायकोने हात तोंडाशी नेला, पाणी प्यायली. अकराला पडद्यावर डॉक्टर आल्या, शेजारच्या छोट्या चौकटीत मुलगा आला.

"आजी, उजवा हात पुढे करा. मूठ उघडा, मिटा, उघडा."

बायकोने मिटलेली मूठ पुढे केली. ती उघडेना. अधीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास होऊन गेला होता.

"उघड ना," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सकाळी येत होतं की."

एक बोट सुटलं. मग दुसरं. सगळे थांबले होते. चौथं बोट सुटायला मिनिटभर तरी लागलं असेल, आणि मग थरथरता तळवा कॅमेऱ्यासमोर उघडा झाला. त्यावर एक गोळी आणि एक अर्धी गोळी घामाने विरघळून चिकटलेली होती.

अधीक्षकांनी आयुष्यात शेकडो मुठी उघडायला लावल्या होत्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हे काय आहे?"

बायकोने त्यांच्याकडे बघून एकच शब्द उच्चारला.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

अधीक्षकांना ते सांगवेना. बायको म्हणाली होती, "कॉपी."

डॉक्टर मात्र अडाणी नव्हत्या. त्यांनी तळव्याकडे पाहिलं, केसांखालच्या टाक्यांकडे पाहिलं. "आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही भिंतीशी जाऊन उभे राहा. काही बोलू नका, काही करू नका. मला आजींना आज गोळीशिवाय बघायचंय."

अधीक्षक भिंतीशी उभे राहिले. बायकोने खुर्चीतून उठायचा प्रयत्न केला. पुढे झुकली, परत मागे पडली. पुन्हा झुकली. अधीक्षकांनी मोजलं, अकरा वेळा. आपले हात तिला धरायला धावू नयेत म्हणून त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत गच्च धरून ठेवले होते. पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती, पण डॉक्टर बघत राहिल्या. छोट्या चौकटीतल्या मुलाने चष्मा काढून हातात घेतला होता. "बाबा," एवढंच तो म्हणाला. तो ओरडला असता तर अधीक्षकांना बरं वाटलं असतं.

रिपोर्ट संध्याकाळी आला. औषधाच्या वेळा नव्याने बसवण्यासाठी रुग्णाला सहा आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवावं, पुढचं त्यानंतर ठरवावं. सोमवारी मुलगा येऊन आईला घेऊन गेला. केंद्र खरोखरच स्वच्छ होतं, आणि अधीक्षकांना कमरेमुळे दीड महिना घराबाहेर पडायची बंदी झाली. भेटायचं ते फोनवर.

पुढे सोसायटीत कुणी कॉपीबहाद्दरांचा आकडा ऐकायला आलं नाही आणि अधीक्षकांनी सांगितला नाही. फ्रिजवरचं वेळापत्रक त्यांनी काढलं. चिकटपट्ट्या निघेनात, तेव्हा ते स्वतःच त्यांच्यावरून पावलं टाकत स्वयंपाकघरात जात आणि चहा कुणासाठी ठेवायचा ते न कळून परत येत. घर आवाज करत नव्हतं. त्यांना तिच्यावाचून करमत नव्हतं, अजिबात करमत नव्हतं. सहावा आठवडा कधी येतो याची ते रोज वाट बघत.

तो आला. पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत डॉक्टर, एकीत मुलगा, एकीत केंद्रातल्या परिचारिका आणि त्यांच्या शेजारी बायको, आणि एकीत अधीक्षक. बायको आता दिवसातून पाच वेळा गोळी घेत होती आणि सहा आठवड्यांत एकदाच पडली होती. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती दुसऱ्या झटक्यात उठली, खोलीभर फिरून आली. पट्ट्या नाहीत, सराव नाही, मागून 'एक-दोन' म्हणणारं कुणी नाही. अधीक्षकांना आनंद झाला आणि अपमानही झाला, आणि त्यातलं कोणतं जास्त हे त्यांना ठरवता येईना.

"छान," डॉक्टर म्हणाल्या. "घरी सोडायला माझी हरकत नाही. दिवसभराची एक मदतनीस बाई ठेवावी लागेल. आता आजींची इच्छा. आजी, घरी जायचं का?"

बायकोने फोनकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिची मान हलली आणि ओठ हलले. आवाज कुणाला आला नाही; ओठ मात्र अधीक्षकांना वाचता येत होते.

"मान हलवली, म्हणजे हो," परिचारिका म्हणाल्या.

"हो. छान." डॉक्टर खाली बघून लिहू लागल्या. "मग शनिवारी सोडू या."

"मी येतो शनिवारी गाडी घेऊन," मुलगा म्हणाला.

अधीक्षकांनी फक्त गप्प बसायचं होतं. ते काही बोलले नव्हते, त्यांनी काही सांगितलं नव्हतं, चूक झाली असलीच तर ती परिचारिकांची होती. शनिवारी ती घरात असती. या बैठकीच्या खोलीत, या खुर्चीत. डॉक्टर अजून लिहीतच होत्या. बायको पडद्यातून त्यांच्याकडे बघत होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात तिचं ते हसू होतं, आणि ते त्यांच्याखेरीज कुणाला दिसत नव्हतं.

"डॉक्टर," ते म्हणाले. "ती 'हो' म्हणाली नाही."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "मग काय म्हणाल्या?"

अधीक्षकांनी खाली आपल्या शर्टाकडे पाहिलं.

"ती म्हणाली, यांच्या शर्टाची बटणं बघा."

सगळ्यांनी बघितली. वरपासून खालपर्यंत प्रत्येक बटण एक घर चुकून लागलेलं होतं. कॉलरचं एक टोक कानाशी आलं होतं आणि दुसरं खाली लोंबत होतं. बहुधा सकाळपासून तसंच होतं. कदाचित कालपासून.

"आणखी काही म्हणाल्या का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"हो," अधीक्षक म्हणाले. "स्वतःची बटणं लावता येईपर्यंत मला न्यायचं नाही, म्हणाली."